राजाच्या झग्याचं टोक

१

रविवारी सकाळी हॉलची भिंत पुसायची, असा त्या घरचा नियम होता. नियम अण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा, आणि फडकं ज्ञानदाच्या हातात. आठवड्याचे पाच दिवस ती सव्वाआठची बस पकडून नवा रायपूरला जायची आणि तिथल्या एका कचेरीच्या नकाशा विभागात पट्टी घेऊन रेघा मोजायची. शनिवारी घर आवरायची, आणि रविवारी सासरच्या मेलेल्या माणसांच्या काचा चकचकीत करायची. एकोणीस वर्षं हे चाललं होतं. पहिली सतरा वर्षं तिला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्या घरात पितरांची भिंत एकच. डावीकडून अण्णांचे आजोबा, मग वडील, मग थोरले भाऊ, शेवटी सासूबाई. चौघांनाही चंदनाचे हार. आणि जुलै महिन्यापासून, त्या चौघांना दोन-दोन करून बाजूला सरकवून, मधोमध हा ठाण मांडून होता.

हा म्हणजे राजा. युरोपातला. कुठला, ते कोणालाच धड सांगता येत नव्हतं. अभनपूरकडची एक जुनी, वाड्यासारखी कोठी पाडायला निघाली, तिथलं सामान वाटलं गेलं, त्यात शिशिर, ज्ञानदाचा नवरा, हे चार फुटी तैलचित्र रिक्षात घालून घेऊन आला, आणि फ्रेमवाल्याकडून काच लावून मढवून घेतलं. छातीपर्यंत रुळणारे कुरळे केस, तेही खोटे. पांढरे पायमोजे, लाल टाचांचे बूट, एक हात कमरेवर. खांद्यावरून सुटलेला निळा मखमली झगा, त्याला पांढऱ्या लोकरीची किनार, आणि तो झगा काळ्या-पांढऱ्या फरशीवर लांबच लांब पसरत उजव्या बाजूच्या अंधारात गेलेला. अण्णा त्याला लुई म्हणत, शिशिर चार्ल्स म्हणे. त्यांच्या सतरा वर्षांच्या गंधालीने मोबाइलवर शोधलं तर तसलेच सात निघाले. "मम्मी, सब एक जैसे ही दिखते हैं," ती म्हणाली, आणि विषय संपला. घरात त्याला नुसतं राजा म्हणू लागले.

ज्ञानदाने तेव्हा तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर पुन्हा मिटलं नसतं. तिची आई, पद्मिनीबाई, ह्या घरात अकरा वर्षं राहिली. पुलगावला बाबा गेले, आई एकटी उरली, आणि ज्ञानदा एकुलती एक. जावयाच्या घरी राहायचं म्हणून त्या बाईने स्वतःला कामाला जुंपून घेतलं. पहाटेचा चहा, अण्णांचं पथ्याचं, गंधालीचा डबा, सगळ्यांच्या गरम पोळ्या. सगळ्यांचं झालं की ओट्यापाशी उभ्याउभ्या स्वतः दोन घास. "बस ना आई," असं ज्ञानदाने किती वेळा म्हटलं असेल. "बसते, एवढं हातातलं कोणी घ्या," हे आईचं ठरलेलं उत्तर. कोणी घेतल्याशिवाय हातातलं खाली ठेवणं तिला जमतच नसे.

दोन वर्षांपूर्वी माघात ती गेली. ज्ञानदाने तिचा फोटो मढवून आणला तेव्हा अण्णा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "माहेरचे पितर माहेरच्या भिंतीवर, बेटा. आपल्यात तसं नाही करत." पुलगावचं घर पाडून तिथे केव्हाच दुकानं झाली होती. फोटो बेडरूमच्या कपाटावर राहिला. ह्या जुलैत तर तिथूनही गेला. काच तडकली आहे, फ्रेमवाल्याकडे टाकतो, म्हणून शिशिर घेऊन गेला, तो अजून आणतच होता.

आईला ह्या घरात एक खिळा मिळाला नाही आणि ह्या लाल टाचांच्या माणसाला अख्खी भिंत मिळाली. हे मनात आलं की ज्ञानदाच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि राजाची काच ती जरा जोरातच घासायची.

पितृपक्षातल्या पहिल्या रविवारी तशीच घासताना तिचा हात थांबला. झगा जिथे अंधारात शिरत होता, त्याच्या अलीकडे पाच पांढऱ्या फरशा दिसत. तिला पक्कं ठाऊक होतं, कारण चितारी तिथे चुकला होता, पाचवी फरशी तिरकी काढली होती, आणि नकाशावाल्या बाईच्या डोळ्यांत ते पहिल्याच दिवशी खुपलं होतं. आज पाचवीच्या पुढे सहावी दिसत होती. अर्धीच, पण दिसत होती. झग्याचं टोक जमिनीपासून वर उचललं गेलं होतं.

२

आधी तिने स्वतःलाच वेड्यात काढलं. मग सोमवारी कचेरीतली पट्टी घरी आणली.

काचेवर पट्टी टेकवून तिने खालच्या चौकटीपासून टोकापर्यंतचं अंतर घेतलं. नऊ सेंटिमीटर, दोन मिलिमीटर. गुरुवारी नऊ-आठ. शनिवारी दहा-सहा. कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने ती आकडे लिहीत गेली. चित्राचं कापड जुनं आहे, पावसाळ्याची हवा आहे, कापड आकसतं, असं तिने स्वतःला समजावलं. पण मोजणाऱ्याला एवढ्यावर थांबता येत नाही. तिने बुटाची लाल टाचही मोजली होती, राजामागच्या खांबाचं बूडही मोजलं होतं. ती दोन्ही जिथल्या तिथे होती. आकसायचं तर सगळंच आकसायला हवं होतं.

"काय मोजून राहिली तू?" शिशिरने सोफ्यावरून विचारलं. हातात मोबाइल, पाय टेबलावर.

"आईचा फोटो कधी येऊन राहिला?"

"येईल ना. तो अनिमेष मोठा कामचोर आहे यार. काच मागवली म्हणतो."

"अडीच महिने झाले. काच काय विलायतेहून येते?"

"ज्ञानदा, आता सुरू नको होऊ," तो म्हणाला, आणि मोबाइलचा आवाज वाढवला. शिशिर वाईट माणूस नव्हता. भांडण समोर दिसलं की तो कुठल्या तरी बोळात शिरायचा, एवढंच. एकोणीस वर्षांत त्याने एकही गोष्ट तोंडावर नाकारली नव्हती आणि एकही केली नव्हती.

त्याच शनिवारी दुपारी आणखी एक झालं. अण्णा आतल्या खोलीत घोरत होते, शिशिर बाहेर गेला होता, गंधाली क्लासला. ज्ञानदा स्वयंपाकघरात भोपळा चिरत होती. हॉलमधून आवाज आला.

"अं-हं."

घसा साफ केल्यासारखा, अगदी हलका. तिची सुरी भोपळ्यातच थांबली, कारण असा आवाज ह्या घरात एकच माणूस काढायचा. हॉलमध्ये अण्णा किंवा शिशिर बसलेले असले की आई दारातच थबकायची, पदर सारखा करायची, हा एवढा आवाज करायची आणि मगच चहाचा ट्रे घेऊन आत शिरायची. अकरा वर्षं. स्वतःच्या लेकीच्या घरात.

ज्ञानदा सुरी हातात घेऊनच बाहेर आली. हॉलमध्ये कोणी नव्हतं. पंखा बंद, टीव्ही बंद. राजा कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि त्याच्या काचेत खिडकीचा चौकोन, खिडकीबाहेरची तार आणि सुरी धरलेली ती स्वतः.

शेजारच्यांकडचा आवाज असेल, तिने ठरवलं. पण संध्याकाळी गंधाली क्लासहून आली, बूट काढता काढता हॉलकडे वळून म्हणाली, "हाँ मम्मी, क्या?"

"मी काही नाही म्हटलं."

"अभी किया ना आपने. खाँसा." आणि ती पाणी प्यायला निघून गेली.

३

सर्वपित्री अमावास्या यंदा रविवारी आली. ज्ञानदा पहाटे पाचला उठली. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, कढी. बारा वाजता भिंतीखाली पाट मांडले, केळीची पानं मांडली. अण्णा सोवळं नेसून, हातात गंधाची वाटी घेऊन आले आणि पानं मोजू लागले.

"चारच काहून? पाचवं?"

ज्ञानदाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हाताऱ्याला शेवटी आठवण झाली म्हणायची.

"राजाचं पान," अण्णा म्हणाले. "रांगेत लावला ना त्याले? मंग उपाशी कसा ठेवायचा? गोरा असला तरी मेलेलाच आहे. आपल्या भिंतीवर आहे. चांगलं नाही दिसत ते."

ज्ञानदा हातातला झारा घेऊन उभी राहिली. "आणि माझ्या आईचं?"

गंधालीने मोबाइल खाली ठेवला.

"अण्णा, मी विचारून राहिली. अकरा वर्षं तुमचं पथ्य सांभाळलं तिने. तुमच्या ऑपरेशनच्या वेळी तुमचं सगळं काढलं तिने, मी नाही. ह्या माणसाचं नाव तरी माहीत आहे काय तुम्हाला? ह्याला वडे, अन् तिला काही नाही?"

"बेटा, सणाच्या दिवशी आवाज नको चढवू. त्यायचं माहेरी करतात."

"माहेरी कोण आहे? मीच आहे तिचं माहेर."

अण्णांनी शिशिरकडे पाहिलं. शिशिरने पाटाकडे पाहिलं. मग तो उठला, तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन आला आणि कुजबुजला, "वाढ ना त्याला. त्याला घातलेला हार आईंना पोचला असं समज. मी सांगतो ना, समज पोचला." वर डोळा बारीक करून हसला.

एकोणीस वर्षांत तिला त्याचा एवढा राग कधी आला नव्हता. तिने पाचवं पान वाढलं.

अण्णांनी एकेकाच्या काचेवर कपाळाच्या जागी गंध टेकवलं. राजाच्याही. त्याच्या खोट्या केसांवरून झेंडूचा हार लोंबू लागला. सगळ्यांनी हात जोडले. ज्ञानदा खिरीचं भांडं घेऊन दारात उभी होती. उन्हाची तिरीप अण्णांच्या डोळ्यांवर येते म्हणून गंधालीने खिडकीचा पडदा ओढला, आणि काचेतलं ऊन, खिडकी, तार, सगळं एकदम पुसलं गेलं. चित्र आतपर्यंत दिसलं.

झग्याच्या टोकाखाली चार बोटं होती.

किनार अलगद उचलून धरलेली, ओला कपडा वाळत घालायला नेताना धरतात तशी. नखं हळदीने पिवळी. करंगळी आईच्यासारखीच बाहेरच्या बाजूला वाकडी, पुलगावच्या घराच्या दारात सापडून मोडलेली आणि तशीच जुळून आलेली. मनगटाच्या वर अंधार होता.

वाऱ्याने पडदा हलला, काचेत पुन्हा खिडकी आली. ज्ञानदाच्या हातून भांडं पडलं नाही. उलट तिने ते इतकं घट्ट धरलं की गंधालीला तिची बोटं सोडवावी लागली.

४

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. तिने रजा टाकली आणि दहाच्या सुमाराला गोल बाजारात गेली. अनिमेषचं दुकान भांड्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. नवरात्राची गर्दी, त्यात देवीच्या तसबिरी न्यायला आलेल्या बायका. सगळ्या गेल्यावर तिने विचारलं, "भैया, मेरी माँ का फोटो? जुलाई में दिया था. काच का काम था."

अनिमेषने चष्मा वर केला. "काँच का कौन सा काम, दीदी? वो तो उसी में लगा है."

"किस में?"

"राजा में. भैया ने ही बोला था, पीछे पुठ्ठे की जगह ये फोटो डाल दो, ऊपर से कागज़ चिपका दो. मैंने मना किया था, दीदी. किसी के घर की माताजी को ऐसे किसी के पीछे नहीं डालते. तो बोले, दीवार पे तो रहेगी ना."

ती दुकानाच्या पायरीवर बसली. अनिमेषने पाणी आणून दिलं, ते ती प्यायली नाही. कालचं ते हसणं तिला आता कळलं. हार पोचला असं समज. केवढी हुशारी केली होती माणसाने. अण्णांना कळणार नाही, बायकोला कधीतरी सांगता येईल, दोन्ही बाजू शांत. आईला भिंत दिली त्याने. कोणाच्या तरी पाठीमागे, पालथी, पुठ्ठा म्हणून.

घरापर्यंत ती चालत गेली. ऊन मी म्हणत होतं आणि तिला ते लागत नव्हतं. हॉलमध्ये शिशिरही रजा टाकून सोफ्यावर आडवा होता. तिने दिवाणावर चढून राजाला खाली उतरवलं, पालथा केला, आणि भाजीच्या सुरीने मागचा खाकी कागद उभा फाडला.

"अगं, ऐक तर," शिशिर उठून बसला. तिच्या चेहऱ्यावरून त्याला सगळं समजलं होतं. "दोघांचंही मन राखायचं होतं मले. अण्णांच्या वयाला काय वाद घालायचा? अन् आईंनी स्वतः काही म्हटलं असतं काय? त्या तर म्हणाल्या असत्या, राहू द्या शिशिरराव, मी मागे बरी आहे."

खरं होतं ते. आई हेच म्हणाली असती. त्यामुळेच ज्ञानदाला त्याचा गळा दाबावासा वाटला.

तिने फोटो ओढून काढला. गंधालीच्या दहाव्या वाढदिवसाचा, गच्चीवरचा. त्या दिवशी ज्ञानदाने आईला हाताला धरून पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत जबरदस्तीने बसवलं होतं. खुर्ची जुनी, उठताना मोठ्याने कुरकुरायची. आई दोन मिनिटं बसली होती, तेवढ्यात गंधालीने फोटो काढला होता. बसलेल्या आईचा जगात हा एकच फोटो.

खुर्ची होती. मागे तुळशीची कुंडी होती, दोरीवरची साडी होती. खुर्चीत पांढुरका डाग होता.

"ओल लागली," शिशिर वाकून बघत म्हणाला. "पावसाळा होता ना."

ज्ञानदाने फोटो खिडकीशी नेला. ओलीचा डाग पसरतो, कडेला फुटतो. हा डाग खुर्चीच्या हातांना कुठेही शिवला नव्हता. डोकं, खांदे, मांडीवर ठेवलेले हात, तेवढेच नेमके गेले होते.

५

चित्र तिने परत टांगलं. मागे काही नव्हतं आता, नुसतं कापड. तिला वाटलं होतं, झगा खाली येईल.

पट्टी लावली. तेरा सेंटिमीटर. काल बारा-एक होता.

जेवण करून शिशिर बेडरूममध्ये झोपला. भांडण टळलं की लगेच झोपणाऱ्या माणसांतला तो. अण्णांचंही घोरणं सुरू झालं. गंधाली मैत्रिणीकडे. भर दुपारी दोन वाजता ज्ञानदाने हॉलचे सगळे पडदे ओढले आणि राजासमोर उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "ठेव ते खाली."

काही झालं नाही. आत कुठेतरी, चित्राच्या कापडामागे म्हणा की भिंतीत म्हणा, कोणीतरी वजन ह्या पायावरून त्या पायावर घेतल्याची किंचित सळसळ झाली. आईचे गुडघे दुखायचे. दिवसभर उभं राहून रात्री पाय सुजायचे, खांदे भरून यायचे, ज्ञानदा बाम चोळायची आणि म्हणायची, उद्यापासून बसून कर. तिच्या डोळ्यांसमोर एकदम ओटा आला, आणि ते वाक्य. एवढं हातातलं कोणी घ्या.

आधी तिच्या मनात काडेपेटी आली. पण जाळायचं तर त्यात आईचे हात होते.

मग आईच्या जागी स्वतःचा फोटो मागे ठेवावा, असं आलं. तो विचार तिने बराच वेळ केला. लेकीने आईच्या हातातलं घ्यावं, हे सरळच होतं. पण तिच्यामागे गंधाली होती. आईमागे ती, तिच्यामागे गंधाली. ह्या घरात हे असंच हातोहात पुढे जाणार होतं, आणि शिशिर सोफ्यावर आडवा पडून, यार, येईल ना, म्हणत राहणार होता. बेडरूममधून त्याचं संथ घोरणं ऐकू येत होतं.

तिने कपाटातून अल्बम काढला. पचमढीचा फोटो निवडला. शिशिर हिरवळीवर आरामखुर्चीत रेललेला, हात डोक्यामागे, बोटात नीलमची अंगठी, बायकोने धरलेल्या कॅमेऱ्याकडे बघून हसणारा. चित्र उतरवून तिने तो पालथा मागे ठेवला, कागदाच्या चिरेवर चिकटपट्टी ओढली, नखाने दाबून बसवली. एवढं होईपर्यंत तिचे हात जराही कापले नाहीत. हे तिला नंतर आठवलं, आणि त्याचंच भय वाटलं.

"घे आई," ती चित्राला म्हणाली. "आले जावई हातातलं घ्यायला."

आईचा फोटो तिने गच्चीत उन्हात ठेवला, वर तुळशीच्या कुंडीतला खडा.

६

डाग वाळला. मंगळवारी सकाळी आई खुर्चीत होती, मांडीवर हात ठेवून, थोडी अवघडून. ओल होती, उन्हाने गेली. असं म्हणायला जागा होती आणि ज्ञानदाने तसं म्हणून पाहिलं. मग हातोडी घेऊन सासूबाईंच्या शेजारी खिळा ठोकला.

अण्णा काठी टेकत आले. "हे काय करून राहिली? मी सांगितलं होतं ना..."

"राहू द्या अण्णा," मागून आवाज आला. शिशिर दारात उभा होता, हातात चहाचे दोन कप. "चांगला दिसते तिथे."

अण्णा त्याच्याकडे बघतच राहिले. ज्ञानदाही. आजवर चहाचं पातेलं कुठल्या फळीवर असतं हे त्याला माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून शिशिर बसला नाही. म्हणजे कचेरीत बसत असेल, गाडीत बसत असेल. घरात नाही. जेवताना म्हणायचा, "तुम्ही बसा, मी वाढतो." पोळ्या वेड्यावाकड्या लाटायचा, पण गरम वाढायचा. टीव्ही दाराच्या चौकटीला टेकून बघायचा. चौथ्या दिवशी तो खांदा चोळू लागला. "काहून दुखते कोणास ठाऊक. काहीतरी उचलून धरल्यासारखं वाटते." ज्ञानदाने कपाटातून आईची बामची बाटली काढून त्याच्यासमोर ठेवली. चोळून दिली नाही.

"पापा को क्या हो गया है?" गंधालीने विचारलं. ती हसत नव्हती. "कल हॉल में आने से पहले दरवाज़े पे रुके थे. खाँसके फिर अंदर आए."

"होऊ दे थोडे दिवस," ज्ञानदा म्हणाली.

थोडे दिवस म्हणजे किती, हे तिने ठरवलं नव्हतं. रोज संध्याकाळी बसमधून उतरताना तिला वाटायचं, आज काढते तो फोटो. घरी यायची, समोर आयता चहा यायचा, आणि आईची अकरा वर्षं आठवायची. पट्टी ती रोज लावत होती. तेरा-चार. तेरा-नऊ. पडदा ओढला की टोकापाशी अंधारात एक निळा ठिपका लुकलुकायचा, अंगठीतल्या खड्याएवढा. त्याच्याकडे ती फार वेळ बघत नसे.

यंदा नवरात्रात एक तिथी वाढली होती, म्हणून दसऱ्याला फोटो मागे ठेवल्याचा अकरावा दिवस होता. सुट्टी, सगळे घरी. पुऱ्या शिशिर तळत होता, श्रीखंड गंधालीने वाढलं होतं. अण्णा, गंधाली आणि ज्ञानदा टेबलाशी बसले होते, आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ज्ञानदाच्या पानात फुगलेली पुरी पडत होती. तिने पहिला घास घेतला. काढू आज तो फोटो, तिने ठरवलं. जेवण झालं की काढू. झालं एवढं पुरे.

स्वयंपाकघराच्या दारात पावलं थांबली.

"अं-हं."

शिशिर झारा आणि ताट घेऊन उभा होता. चेहरा घामेजला होता, खांदा एका बाजूला कलला होता, पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांतून वर आले होते. "अजून एक वाढू?" त्याने विचारलं. आवाज त्याचाच होता. नजर मात्र कोणाकडे नव्हती, खाली पानाकडे होती.

"पापा, बैठो ना आप," गंधाली म्हणाली. तिचा आवाज फुटला.

"बसतो ना, बेटा," शिशिर म्हणाला. "एवढं हातातलं कोणी घ्या."

ज्ञानदाने चटकन वर भिंतीकडे पाहिलं. राजाकडे नव्हे, त्याच्या पलीकडे, सासूबाईंच्या शेजारी. फोटोत आईचे हात मांडीवर नव्हते. दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर टेकले होते आणि अंगठे पांढरे पडले होते. मान थोडी पुढे आली होती, नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे. जावई उभे आहेत आणि आपण बसलो आहोत, ह्याने कासावीस झालेला तो चेहरा ज्ञानदाने अकरा वर्षं पाहिला होता.

"आई, बस," ती म्हणाली.

अण्णा आणि गंधाली तिच्याकडे बघू लागले. तिला पर्वा नव्हती. ती खुर्ची मागे लोटून उठली, तिचं ताट कलंडलं, आणि ती ओरडलीच, रागाने, ज्या रागाने ती आईवर रोज ओरडायची आणि ज्याचा आईवर कधीच काही उपयोग झाला नव्हता.

"बस म्हटलं ना तुला."

हॉलमध्ये, भिंतीपाशी, प्लास्टिकची जुनी खुर्ची कुरकुरली. ती कुरकूर ज्ञानदाला चांगली ठाऊक होती. खुर्ची बसताना वाजत नसे, उठतानाच वाजायची. आणि त्या घरात आता प्लास्टिकची खुर्ची नव्हती.